उतारवयांत सांपडलेली कला व हातची भेट

(धर्मग्रामाच्या महोत्सवांत वडीलधाऱ्या मंडळींच्या मेळाव्यापुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत मुलांसाठीं, तरुणांसाठीं व विवाहितांसाठीं येथें बरींच भाषणें झालीं. आजची दुपार पांढऱ्या केसांच्या मंडळींसाठीं राखून ठेविली, व त्यांच्यापुढें चार शब्द बोलण्याचें काम आम्हांवर सोंपविलें, याबद्दल आम्ही चालकांचे आभारी आहों. विषय कोणता घ्यावा हें आमच्यावरच सोडलें होतें. प्रकृतीची काळजी, मृत्युपत्र, निवृत्तिवेतन हे विषय उपयोगाचे खरे. परंतु ते सांगणारे आमच्याहून जाणते लोक आपणांस पुष्कळ मिळतील. आम्हीं हातांविषयीं बोलावयाचें ठरविलें आहे. आपल्या या सुरकुतलेल्या, थोड्याशा कांपणाऱ्या हातांविषयीं.

उतारवयाचें मोठें दुःख कोणतें, असें विचारलें तर बहुतेक जण गुडघ्याकडे बोट दाखवितील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या हातानें चाळीस वर्षें वाडीला पाणी लाविलें, केळीचे घड उतरविले, पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडल्या, मुंबईच्या गाडीसाठीं टोपल्या भरल्या, तो हात एके दिवशीं मांडीवर येऊन स्वस्थ पडतो. घरांत कोणी उणें बोलत नाहीं. सून वेळेवर पान वाढते, मुलगा औषध आणतो, परदेशीं असलेली नात न चुकतां फोन करिते. सर्व कांहीं आपल्याकडे येतें. आपल्याकडून मात्र कोणाकडे कांहीं जात नाहीं. जन्मभर वाढणारी बाई आतां केवळ पानावर बसते. घेणाऱ्यांच्या पंक्तीला असें कायमचें जाऊन बसणें मानी माणसाला फार जड जातें, आणि तें तो कोणाजवळ बोलूनही दाखवीत नाहीं.

यावर आम्ही एक लहानसें काम सुचविणार आहों. आपल्या जिवलगांपैकीं कोणा एकासाठीं, स्वतःच्या हातानें, एक वस्तु करावी. आणि ती करण्यासाठीं एखादी कला नव्यानें शिकावी लागली, तर ती शिकावी. एवढें ऐकतांच मागच्या बांकावरून कोणी तरी म्हणेल, "साठी बुद्धि नाठी!" ही म्हण ज्यानें काढली तो स्वतः तिशीचाही नसावा, असा आम्हांस दाट संशय आहे. तूर्त तिच्याशीं वाद न घालतां आम्ही एका बाईची हकीगत सांगतों. ती जरा सविस्तर सांगितली तर आपण कंटाळणार नाहीं अशी आशा आहे.

मेरी डिलेनी ही इंग्लंडांतील स्त्री. तिचा जन्म १७०० सालचा. सतराव्या वर्षीं घरच्यांनीं तिचें लग्न साठीच्या घरांतील एका गृहस्थाशीं लावून दिलें. तो संसार सुखाचा झाला नाहीं, व पंचविशीच्या सुमारास ती विधवा झाली. पुढें १७४३ सालीं तिनें आपल्या मनानें दुसरा विवाह केला, तो पॅट्रिक डिलेनी नांवाच्या आयरिश धर्मोपदेशकाशीं. डब्लिनजवळच्या त्यांच्या घरीं बाग होती, पुस्तकें होतीं. बाई भरतकाम करी, शिंपल्यांची नक्षी करी, चित्रें काढी, आणि पति तिच्या प्रत्येक उद्योगाचें कौतुक करी. १७६८ सालीं तो वारला. बाईला मूलबाळ नव्हतें, वय अडुसष्ट. पोर्टलंडची डचेस ही तिची जुनी मैत्रीण. ती तिला आपल्या बुल्स्ट्रोड येथील वाड्यांत महिनेच्या महिने ठेवून घेऊं लागली. म्हणजे आपण ज्या पंक्तीविषयीं बोललों तिच्यांतच ही मानी बाई येऊन बसली होती.

१७७२ सालीं, तिच्या बहात्तराव्या वर्षीं, त्या वाड्यांत एक क्षुल्लक गोष्ट घडली. टेबलावर एका लाल कागदाचा तुकडा पडला होता व जवळच जिरेनियमचें फूल होतें. दोहोंचा रंग अगदीं एक आहे हें बाईच्या ध्यानांत आलें. तिनें कात्री घेतली व कागदाच्या पाकळ्या कापावयास आरंभ केला. इतक्यांत डचेस आंत आली आणि तें फूल घेऊन काय चाललें आहे, असें तिनें विचारलें. कागदी पाकळ्या तिला खऱ्या वाटल्या होत्या. बाईला आपली कला सांपडली ती अशी.

तिची कृति ऐकण्यासारखी आहे. फूल समोर ठेवावयाचें. मग पेन्सिलीची एकही रेघ न ओढतां, नुसत्या नजरेच्या अंदाजानें, पाकळ्या, देंठ, केसर, पानांवरच्या शिरासुद्धां कागदांतून कापून काढावयाच्या, व काळ्या रंगविलेल्या कागदावर एकीवर एक चिकटवावयाच्या. हवी ती छटा मिळाली नाहीं तर बाई स्वतः कागद रंगवी. एकेका फुलाला कधीं शेंकडों तुकडे लागत. हळूहळू ही वार्ता पसरली. राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट यांनीं क्यू येथील राजोद्यानांतून तिच्याकडे दुर्मिळ फुलें पाठविण्याची व्यवस्था केली. एक हजार फुलें पुरीं करावीं असा तिचा संकल्प होता. दहा वर्षांत ९८५ झालीं, आणि मग दृष्टि गेली. तिनें कात्री खालीं ठेविली ती १७८२ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं. तीं सर्व फुलें आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत, आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकारसुद्धां त्यांच्या बिनचूकपणाची वाखाणणी करितात.

ही हकीगत आम्हीं दोन कारणांसाठीं निवडली. बाईनें बहात्तराव्या वर्षीं जें केलें तें नवें होतें, परंतु तिचा हात नवा नव्हता. तरुणपणीं दरबारीं जातांना ती जो पोषाख घाली, त्यांतील एक काळ्या साटिनीचा होता व त्यावर रंगीबेरंगी फुलें भरलेलीं होतीं. तीच काळी भुई व तींच फुलें तीस वर्षांनीं कागदावर उतरलीं. सुई, कात्री, बागेंतील माती यांत जो हात पन्नास वर्षें मुरला, त्याला एक नवें काम मिळालें, इतकेंच. म्हातारपणीं कला सांपडते ती आकाशांतून पडत नाहीं. ती बहुधा हातांतच असते. तिला नांव मिळालेलें नसतें.

दुसरें कारण तिच्या चित्रांच्या मागल्या बाजूस आहे. तेथें ती फुलाचें नांव, दिवस व स्थळ लिही, आणि फूल ज्या माणसाकडून आलें त्याचेंही नांव पुष्कळदां लिही. पुढच्या बाजूस फूल, मागच्या बाजूस माणूस. एकट्या पडलेल्या बाईनें दहा वर्षें आपल्या ओळखीच्या माणसांना असें कागदावर जमवून ठेविलें होतें.

आतां समुद्रापलीकडून आपल्या घरीं येऊं. येथें बसलेल्यांपैकीं कितीजणी गोधडी शिवावयास शाळेंत गेल्या होत्या? धुऊन धुऊन मऊ झालेलीं सुती लुगडीं एकावर एक अंथरावयाचीं, हात फिरवून सुरकुती काढावयाची, कडा आंत मुडपावयाच्या, थर हलूं नयेत म्हणून आधीं लांब कच्चे टांके घालावयाचे, आणि मग धांवदोरा धरून कडेकडेनें फेरे घालीत आंत आंत जावयाचें, हें सर्व आपण आईच्या शेजारीं बसून शिकलां. त्याला कला म्हणतात हें आपणांस कोणीं सांगितलें नाहीं. टांका किती लहान घ्यावा, दोरा किती ओढावा म्हणजे कापड चुणत नाहीं, लाल कांठाशेजारीं कोणता तुकडा शोभेल, हे निर्णय आपण रोज दुपारीं करीत होतां. चित्रकार याहून निराळें काय करितो?

याच कामाविषयीं एक गोष्ट ओघांत सांगून टाकतों. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले. आज त्यांच्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती अशीं तिन्ही प्रकारचीं कुटुंबें आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. गोधडी पुरी झाली कीं तिच्या कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या कापडाचीं लहान लहान फुलें बसवितात. त्या फुलांनीं ऊब तिळभर वाढत नाहीं. परंतु तीं नसलीं तर गोधडी नागवी राहिली असें त्या म्हणतात. गरिबींतील या चार फुलांपुढें आम्हांस कित्येक श्रीमंती भेटी फिक्या वाटतात.

सुईनें बोटें दुखूं लागलीं तर काय करावें, याचें उत्तर अमेरिकेंतील एका शेतकरणीनें दिलें आहे. ॲना मेरी मोझेस हिचा जन्म १८६० चा. शेतावर तिचें आयुष्य गेलें. दहा मुलें झालीं, त्यांतील पांच जगलीं. पति गेल्यावर ती लोकरीनें चित्रें भरून आप्तांना व मित्रमंडळींना देत असे. संधिवातानें सुई धरवेना, तेव्हां बहिणीनें सुचविलें कीं कुंचला धरून पाहा. त्या वेळीं बाईची पंचाहत्तरी उलटली होती. चित्र काढावयास आपण लागलों कां, याचें तिनें बातमीदारांना दिलेलें कारण मोठें गोड आहे: नाताळांत टपालवाल्याला कांहीं तरी भेट द्यावयाची होती, आणि चुलीच्या धगीपुढें उभें राहून केक भाजण्यापेक्षां चित्र काढणें सोपें वाटलें! आरंभीं गांवच्या जत्रेंत तिनें चित्रें व मुरंबे दोन्ही मांडले, तेव्हां बक्षीस मुरंब्यास मिळालें असें सांगतात. १९३८ सालीं लुई कॅल्डर नांवाच्या एका संग्राहकानें औषधाच्या दुकानांत मांडलेलीं तिचीं चित्रें पाहिलीं व विकत घेतलीं. १९४० मध्यें न्यूयॉर्क शहरांत तिचें स्वतंत्र प्रदर्शन झालें. १९६१ मध्यें एकशेंएकाव्या वर्षीं ती वारली. जगांत तिला मोझेस आजी म्हणूनच ओळखतात.

आपल्या देशांतही अशीं उदाहरणें आहेत. रवींद्रनाथ ठाकूर हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांचे पशुपक्षी करीत. त्यांतूनच साठी उलटल्यावर ते चित्रें काढूं लागले, व १९३० सालीं पॅरिसला त्यांचें पहिलें प्रदर्शन झालें. मध्यप्रदेशांतील उमरिया जिल्ह्यांतल्या जोधइयाबाई बैगा यांनीं जन्मभर मोलमजुरी केली व सत्तरीच्या आसपास कुंचला हातीं घेतला. २०२३ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत त्या निवर्तल्या. अक्षरओळख असलेला महाकवि व ती नसलेली मजूर स्त्री, दोघांनाही रंगानें सारखेंच घरांत घेतलें.

हीं मोठीं नांवें घेतलीं म्हणून आम्ही आपणांस प्रदर्शनें भरविण्यास सांगत आहों असें समजूं नये. कीर्ति मिळाली तर ती येवो. तिच्यासाठीं सत्तराव्या वर्षीं धांवपळ करण्यांत अर्थ नाहीं. आम्हांस हवी आहे ती मोझेस आजीची पहिली इच्छा, म्हणजे टपालवाल्याची आठवण.

म्हणून भेट कोणास द्यावयाची हें आधीं ठरवावें. काय द्यावयाचें हें मागाहून. समोर चेहरा असला म्हणजे हात चुकत चुकत कां होईना पुढें जातो. तो नसला तर दुसऱ्या दिवशींच कंटाळा येतो. थंड देशांत राहणाऱ्या नातवाला गळपट्टा, शेजारच्या अधू दृष्टीच्या बाईला मोठ्या मण्यांची रोझरी, नव्या बाळंतिणीला दुपटें, इतकी साधी निवड असावी. पुरुषांनींही आपणांस यांतून सूट आहे असें मानूं नये. ज्यांनीं उभ्या आयुष्यांत वाडीचीं कुंपणें बांधलीं, त्यांना बांबूच्या कामट्यांचा नाताळचा तारा बांधतां येणार नाहीं काय? ज्यांनीं सुतारकी केली, त्यांनीं नातवंडांसाठीं गव्हाणीचा गोठा करावा. त्यांतला बैल जरा रेड्यासारखा दिसला तरी पोरें त्यावरच अधिक प्रेम करितात.

वस्तु लहान असावी, हेंही आमचें आग्रहाचें सांगणें आहे. भेट देणाऱ्याचा उत्साह घेणाऱ्याच्या कपाटाहून मोठा होऊं नये. आणि एकदां दिलेली वस्तु कोठें ठेविली आहे, वापरतां कीं नाहीं, ही चौकशी करूं नये. हातानें केलेल्या भेटीची फेड मागणारा माणूस सावकाराहून वाईट. सावकार निदान पावती तरी देतो. बाजारांतील भेटही कांहीं वाईट नव्हे. घाईच्या माणसानें ती अवश्य द्यावी. आपणांजवळ मात्र त्या घाईच्या माणसाजवळ नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे दुपार. गळपट्ट्याच्या एकवीस दुपारी नातवाला पोंचतात. तो आज तें जाणणार नाहीं. कदाचित् आपल्या पश्चात् एखाद्या थंडींत जाणेल. तेव्हां डिलेनीबाईसारखें मागच्या बाजूस त्याचें नांव, दिवस व गांव एवढें अवश्य टांकून ठेवावें.

आतां जे फार आजारी आहेत, ज्यांना अंथरूण सोडवत नाहीं, त्यांच्याकरितां शेवटची हकीगत. ती सांगण्यास हें स्थान योग्य आहे, कारण ती एका देवळाची आहे.

आंरी मातिस हा फ्रान्सचा प्रख्यात चित्रकार. विसाव्या वर्षीं तो वकिलाच्या कचेरींत कारकून होता. आजारांत अंथरुणावर पडला असतां मन रमावें म्हणून आईनें त्याला रंगांची पेटी आणून दिली, आणि कारकुनाचा चित्रकार झाला. म्हणजे त्याची सर्व कला एका आईच्या भेटींतून निघाली. १९४१ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, त्याच्या पोटावर जबर शस्त्रक्रिया झाली. जीव वांचला, पण पूर्वीसारखें उभें राहून चित्रफलकापुढें काम करणें त्याला जड जाऊं लागलें. त्यानें काय करावें? मोझेस आजीनें सुई टाकून कुंचला घेतला. यानें कुंचला बाजूस ठेवून कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, आणि हा खाटेवर किंवा चाकांच्या खुर्चींत बसून त्या कागदांतून पानें, पक्षी, समुद्रांतील शेवाळ कापून काढी.

१९४२ सालीं त्याच्या शुश्रूषेसाठीं मोनिक बूर्ज्वा नांवाची एक तरुण परिचारिका रात्रपाळीला आली. तिनें त्याची मनोभावें सेवा केली. त्यानें तिचीं चित्रें काढलीं. कांहीं काळानें ती डोमिनिकन संघांत दाखल झाली व सिस्टर झाक-मारी हें नांव तिनें घेतलें. मातिस स्वतः धर्माचरण करणारा नव्हता, आणि तिच्या या निर्णयाचें त्याला आरंभीं वाईटच वाटलें. परंतु स्नेह तुटला नाहीं. व्हांस गांवीं त्या भगिनींजवळ नीटसें प्रार्थनामंदिर नव्हतें. सिस्टरनें रंगीत कांचेच्या एका खिडकीसाठीं चितारलेला आराखडा १९४७ सालीं मातिसला दाखविला, आणि त्या एका खिडकीवरून म्हाताऱ्यानें अख्खें मंदिर हातीं घेतलें. चार वर्षें तो दुसऱ्या कामाकडे फारसा वळला नाहीं. खिडक्यांना पिवळा, हिरवा व निळा असे तीनच रंग. समोरच्या पांढऱ्या फरशांवर काळ्या रेघांनीं संत डोमिनिक, बालकासह पवित्र मारिया आणि क्रुसाची वाट. धर्मगुरूंच्या झग्यांचे नमुनेसुद्धां त्यानें कागद कापून केले. हात वर पोंचत नसे, म्हणून लांब बांबूच्या टोंकाला कोळसा बांधून तो भिंतीवर रेखाटी. २५ जून १९५१ रोजीं मंदिराचें पवित्रीकरण झालें. प्रकृतीमुळें त्याला स्वतःला त्या सोहळ्यास येतां आलें नाहीं. आपल्या सर्व कामांत हें काम त्यानें श्रेष्ठ मानिलें. रात्रीं उशाशीं बसलेल्या एका मुलीला दिलेली ती परतभेट होती, असें आम्ही तरी समजतों.

आपणांपैकीं कोणाकडून आम्हांस देऊळ नको आहे. आपलें देऊळ वाडवडिलांनीं बांधून ठेविलें आहे. पण आपल्या उशाशीं कोणी ना कोणी बसलें असेल. जी सून रात्रीं दोनदां उठून पाणी देते, तिच्यासाठीं आपण गेल्या वर्षांत काय केलें, हा प्रश्न आम्ही येथें सर्वांदेखत विचारीत नाहीं. घरीं गेल्यावर ज्याचा त्यानें विचारावा.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या ओसरीवर टेबलें मांडण्यास फादरांनीं परवानगी दिली आहे. तेथें उजेड चांगला आहे व वाराही येतो. डोळ्यांना त्रास असलेल्यांनीं चष्मा आठवणीनें घ्यावा. दोरा ओंवून देण्यास पहिल्या कम्युनियनच्या वर्गांतील मुली येणार आहेत. बोटें आंखडलेल्यांसाठीं मोठ्या मुठीच्या कात्र्या व जाड सुया ठेवूं. आपण येतांना एक जुनें लुगडें अगर घरांत पडलेला रंगीत कागद, आणि ज्याच्यासाठीं काम करावयाचें त्याचें नांव, एवढें घेऊन यावें. खळ आम्ही घरून शिजवून आणूं.